भिंतीवरची वेल कापडावर आणताना: जुन्या वॉलपेपरवरून स्वतःची नक्षी कशी करावी

विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकाराने १८८७ साली काढलेला 'विलो बाऊ' नावाचा एक वॉलपेपर आहे. विलोची लांब टोकदार पानं, बारीक डहाळ्या आणि मागे फिकट जमीन, एवढाच ऐवज. फूल नाही, पक्षी नाही. मॉरिसची मुलगी मे हिने लिहून ठेवलं आहे की टेम्सला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी फिरताना वडिलांनी तिला विलोच्या पानांचे वेगवेगळे आकार दाखवले आणि त्यानंतर लवकरच हा कागद तयार झाला. आज ती पानं कपबशांवर, चादरींवर, शर्टांवर दिसतात. २०१७ मध्ये लोएवे या फॅशन कंपनीने आणि २०१८ मध्ये एच अँड एमने मॉरिसच्या नक्षींचे कपडे काढले. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १९६० च्या दशकात, लंडनच्या किंग्ज रोडवरचं 'ग्रॅनी टेक्स अ ट्रिप' हे दुकान मॉरिसच्या कंपनीच्या कापडाची पुरुषांची जाकिटं शिवत होतं.

हे बघून आपल्यालाही वाटतं की असा एखादा कुर्ता, असे उशीचे अभ्रे आपण करावेत. करता येतात, आणि घरी करता येतात. पण माझा अनुभव असा की जुन्या कागदाचा फोटो काढून तो तसाच कापडावर छापून घेतला, की नव्वद टक्के वेळा निराशा होते. वॉलपेपर सपाट, न हलणाऱ्या भिंतीसाठी काढलेला असतो आणि तो चार-सहा फुटांवरून बघायचा असतो. कापडाला चुण्या पडतात, ते कापलं जातं, अंगावर चालतं. त्यामुळे त्या कागदाकडून घ्यायची असते ती त्याची रचना. फुलं आपली आपण काढावीत. पुढे जे सांगणार आहे ते याच धोरणाने.

आधी कागद निवडा

सुरुवातीला फार भरगच्च नमुना घेऊ नका. मॉरिसचा १८७५ चा 'अकँथस' छापायला ३० लाकडी ठसे आणि १५ रंग लागत. तो डोळे भरून बघावा, पण शिकायला घेऊ नये. 'विलो बाऊ', 'डेझी' (१८६४) आणि 'ट्रेलिस' हे तीन शिकण्यासाठी उत्तम. 'ट्रेलिस' हा त्याने आखलेला पहिला कागद: १८६२ सालची आखणी, १८६४ साली विक्रीला. लाकडी जाळीवर चढलेला गुलाब आणि मधूनमधून पक्षी. ते पक्षी मॉरिसने काढलेले नाहीत, त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेब याने काढले. हा कागद मॉरिसने आधी स्वतःच जस्ताच्या पत्र्यावरून तैलरंगात छापून पाहिला. ते जमलं नाही, म्हणून इझलिंग्टनच्या जेफ्री अँड कंपनीकडे लाकडी ठशांचं काम दिलं. पहिल्या प्रयत्नात तुमचा ठसा बिघडला तर हे आठवा.

चित्रं कुठून घ्यायची? न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त वस्तूंचे फोटो २०१७ पासून कुणालाही, व्यवसायासाठीसुद्धा, मोकळे देतं. क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयाचीही तीच पद्धत. न्यूयॉर्कच्याच कूपर ह्यूइट संग्रहालयात वॉलपेपरचा प्रचंड साठा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये मॉरिसचं भरपूर काम बघायला मिळतं, पण तिथले फोटो वापरण्याच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वाचूनच पुढे जा.

हक्कांबद्दल दोन वाक्यं, कारण विक्रीचा विचार असेल तर हे टाळता येत नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. मॉरिस १८९६ साली गेला, म्हणजे त्याच्या मूळ नक्षीला आता बंधन नाही. मात्र आजच्या कंपन्यांनी त्याच नक्षीचे नव्या रंगांत केलेले नमुने आणि 'मॉरिस अँड कंपनी' हे नाव त्यांच्या मालकीचं आहे. दुकानातल्या कॅटलॉगचं पान स्कॅन करून छापू नका आणि पिशवीवर ते नाव घालू नका.

अजून एक. खराखुरा एकोणिसाव्या शतकातला कागद हाती लागला तर तो घासू, खरवडू नका, त्याची कातरणं खणात चिकटवू नका. त्या काळच्या हिरव्या रंगांत तांबं आणि आर्सेनिक असे. मॉरिसच्या घराण्याचा पैसाच डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणीतून आला होता आणि ती खाण आर्सेनिकही काढत होती. जुना कागद बघायला घ्या, हाताळायला फोटो पुरे.

नक्षीचा सांगाडा शोधा

निवडलेल्या चित्राचा मोठा झेरॉक्स काढा आणि त्यावर बटर पेपर ठेवा. एखादी ठळक खूण धरा, समजा एक वळलेलं पान. तेच पान पुन्हा कुठे येतं ते शोधून तिथे ठिपका द्या. पुन्हा शोधा, पुन्हा ठिपका. सगळ्या कागदावर ठिपके देऊन झाले की खालचा झेरॉक्स काढून घ्या आणि नुसते ठिपके बघा.

आता ही ठिपक्यांची रांगोळीच आहे. रांगोळीत दोन प्रकार असतात ना? एकात ठिपके वरखाली सरळ ओळीत येतात, दुसऱ्यात खालच्या ओळीचा ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडतो. वॉलपेपरमध्येही हेच दोन मुख्य प्रकार. सरळ मांडणी आणि अर्धी सरकवलेली मांडणी. फरक एवढाच की वॉलपेपरमध्ये सरकवणं बहुधा उभ्या पट्ट्यांत होतं: शेजारची पट्टी अर्ध्या नक्षीने खाली उतरते. ही युक्ती इतकी कामाची आहे की पुढे सगळं तिच्यावरच उभं राहतं. सरळ मांडणीत एकच फूल ओळीने दिसत राहतं आणि डोळा लगेच मोजायला लागतो. अर्धी सरकवली की ओळ तिरपी होते, नजर वेलीबरोबर वर चढते आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही.

ठिपके कळले की दुसरा बटर पेपर घ्या आणि फक्त मुख्य दांड्यांची वळणं काढा. पानं-फुलं अजिबात नकोत. मॉरिसच्या बहुतेक कागदांत दोन थर सापडतील. एक मोठी, सावकाश वळणारी वेल आणि तिच्यामागे जमीन भरून काढणारी बारीक पानं. मागचा थर नसेल तर पुढची वेल हवेत लोंबकळल्यासारखी दिसते. आपल्या साड्यांची जमीन बुट्ट्यांनी भरतात त्याच्यामागेही हाच विचार आहे.

आपलं झाड घ्या

विलो आपण कुणी रोज बघत नाही. मॉरिसने त्याच्या ओढ्याकाठचं झाड काढलं, तर आपण आपल्या कुंपणावरचं काढू. मी गोकर्ण घेतली. वेल बारीक, पानं लहान आणि फुलाचा आकार एकदा बघितला की विसरत नाही. मधुमालती, जाई, कारल्याचा वेल, गुळवेल, यातलं काहीही चालेल. वेलच घ्या असं नाही, पण वेलीला स्वतःचं वळण असतं, त्यामुळे सोपं जातं.

तिच्यासमोर बसून काढा, फोटोवरून नको. फूल समोरून, बाजूने आणि मागून काढा. कळी काढा, शेंग काढा, किडीने खाल्लेलं पानसुद्धा काढा. गोकर्णीच्या फुलाच्या घशाशी पिवळट-पांढरा डाग असतो आणि त्याच्या कडेला निळा रंग सगळ्यात गडद होतो. तो डाग मी पहिल्या चित्रांत सोडून दिला होता आणि फुलं नुसती निळी चकंदळं दिसत होती. डाग घातल्यावर ती गोकर्ण झाली. अशी एखादी बारीकशी गोष्ट प्रत्येक फुलात असते, ती हुडका.

जोड न दिसणारा तुकडा तयार करणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश सांगते. जाडसर कागदाचा १५ × १५ सें.मी. चौकोन घ्या.

१. चौकोनाच्या मध्यभागी मुख्य वेल आणि फुलं काढा. चारही कडांपासून साधारण दोन सें.मी. लांब राहा. कोणतीही रेघ कडेला टेकू देऊ नका.

२. चौकोन आडवा, बरोबर मधोमध कापा. वरचा भाग खाली आणि खालचा वर ठेवा आणि मागून चिकटपट्टी लावा. आता मधोमध रिकामा आडवा पट्टा दिसेल. त्यात दांड्या, पानं, कळ्या भरा. पुन्हा तेच पथ्य: डावी-उजवी कड मोकळी ठेवायची. वरखालची कड आता आपोआप जुळणारी झालेली आहे, तिला हात लावायचा नाही.

३. आता उभा, मधोमध कापा. डावा तुकडा उजवीकडे न्या, पण शेजारी सरळ ठेवू नका. अर्ध्याने, म्हणजे साडेसात सें.मी., खाली सरकवून ठेवा. खाली जो भाग लोंबेल तो कापून त्याच रांगेत वर लावा. पुन्हा चौकोन झाला. मागून चिकटपट्टी लावा.

४. मधोमध जो उभा रिकामा पट्टा दिसतो आहे तो भरा. इथे घाई करू नका. मोठी वेल या पट्ट्यातून पलीकडे जाऊ द्या, म्हणजे सांधा वेलीखाली झाकला जातो.

हा तुकडा आता शेजारच्या तुकड्याला अर्ध्याने खाली सरकून जुळतो. त्याच्या बारा झेरॉक्स काढा, तशा मांडून भिंतीवर चिकटवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करून बघा. काही ठिकाणी पांढरे ओढे वाहताना दिसतील, काही ठिकाणी काळे गठ्ठे. ओढ्यांत एखादं पान टाका, गठ्ठ्यांतून एखादं काढा. मला हे तीनदा करावं लागलं. तिसऱ्या वेळी भिंतीकडे बघितलं तेव्हा चौकोन दिसेनासे झाले होते आणि सगळीकडे वेलच वेल होती. या कामात मला त्या क्षणाइतका आनंद दुसऱ्या कशातच होत नाही.

आकार: इथेच कपडा फसतो

वॉलपेपरचा पन्हा साधारण ५३ सें.मी. असतो आणि नक्षी बहुतेक वेळा त्या पूर्ण पन्ह्यात एकदा किंवा दोनदाच येते. तोच आकार कुर्त्यावर घेतला तर पुढच्या भागावर एक फूल मावतं आणि ते नेमकं नको तिथे बसतं. पडद्याला मात्र तो मोठा आकार शोभतो.

माझे अंदाज असे आहेत. सोळा इंची अभ्र्याला नक्षीचा तुकडा पंधरा ते वीस सें.मी., कुर्त्याला आठ ते बारा, बटव्याला किंवा चष्म्याच्या घराला चार ते पाच. हे काही नियम नव्हेत. वेगवेगळ्या टक्क्यांनी लहान केलेल्या झेरॉक्स घ्या, जुन्या कुर्त्यावर टाचण्यांनी लावा आणि आरशात बघा. कागदावर सुंदर दिसणारा आकार अंगावर फार वेळा मोठा ठरतो.

रंग

तीन रंगांवर थांबा. जमीन, वेल, फूल. मॉरिसने १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याबरोबर निळीवर आणि जुन्या वनस्पतिरंगांवर मेहनत घेतली, कारण बाजारातले नवे रासायनिक रंग त्याला भडक वाटत. त्याचं १८८३ चं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे कापड निळीत बुडवून, मग हवा तिथला निळा काढून, त्या जागी मंजिष्ठाचा लाल वगैरे रंग भरून केलेलं आहे. (ते मुळात कापडच होतं. आज त्याचा वॉलपेपर मिळतो, म्हणजे हा प्रवास उलटाही होतो.) नीळ आणि मंजिष्ठ हे दोन्ही रंग आपल्या ओळखीचे आहेत, तेव्हा जोडी म्हणून तिथूनच सुरुवात करा.

ठरलेले रंग कागदावर शेजारी शेजारी लावा, मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. वेल आणि जमीन सारख्याच करड्या दिसल्या तर कापडावर नक्षी बुडणार. मागच्या बारीक पानांना मात्र जमिनीच्या जवळचाच रंग द्या. ती मागेच राहायला हवीत.

कापडावर उतरवणं

दोन वाटा आहेत. पहिली हाताची. मांजरपाट किंवा कॅम्ब्रिक घ्या आणि आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन खळ काढा. खळ राहिली तर रंग वरवर बसतो आणि दुसऱ्या धुण्यात निघून जातो. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात लिनो (ठसा कोरायचा मऊ तक्ता) आणि तो कोरायच्या सुऱ्या मिळतात. लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कोरता येतो. सुरी नेहमी हातापासून लांब चालवा आणि लिनो धरणारा हात सुरीच्या मागे ठेवा. नक्षी उलटी उमटते हे लक्षात ठेवा. कोरलेला लिनो प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवा. रंग दोन असतील तर ठसेही दोन लागतात.

टेबलावर जुनी चादर किंवा घोंगडी चौपदरी घाला, वर मांजरपाट ताणून बसवा, त्यावर तुमचं कापड. कडक टेबलावर ठसा नीट उमटत नाही, खाली मऊपणा लागतोच. फॅब्रिक कलर ठशावर स्पंजाने पातळ लावा, ठसा ठेवा आणि मुठीने एकदाच ठोका. कापडावर खडूने १५ सें.मी.च्या उभ्या रांगा आखून ठेवा. पहिली रांग वरपासून सुरू करा, दुसरी अर्ध्या ठशाने खाली, तिसरी पुन्हा पहिल्यासारखी. दुसरा रंग पहिला पूर्ण वाळल्यावरच. एक दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने, मध्ये कापड ठेवून, गरम इस्त्री फिरवा. किती वेळ ते रंगाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. तीन दिवस तरी धुऊ नका.

दुसरी वाट डिजिटल छपाईची. तुमचा चौकोन स्कॅन करा आणि प्रत्यक्ष मापात किमान १५० डीपीआय (एका इंचातले ठिपके) ठेवा, ३०० असेल तर उत्तम. वीस सें.मी.च्या चौकोनाला ३०० डीपीआयने २३६२ पिक्सेल लागतात. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह छपाई करून घ्या, सब्लिमेशन पॉलिस्टरसाठी असतं. छापणाऱ्याला 'हाफ ड्रॉप रिपीट', म्हणजे आपली अर्धी सरकवलेली मांडणी, असं स्पष्ट लिहून द्या, तोंडी सांगू नका, आणि आधी अर्धा मीटर नमुना मागा. मोबाइलवर दिसणारा हिरवा आणि कापडावर येणारा हिरवा यांचं सहसा पटत नाही. तो नमुना धुऊन किती आटतो तेही मोजा.

कापणं आणि शिवणं

कात्री लावण्याआधी नक्षीला वर-खाली आहे का ते बघा. चढणारी वेल एकतर्फी असते. शिंपी कापड वाचवायला पुढचा भाग सुलट आणि मागचा उलट कापतात, तो नेहमीचा हिशेब आहे. म्हणून कापडाच्या उलट्या बाजूला खडूने प्रत्येक हातभर अंतरावर वर जाणारा बाण काढून द्या. अभ्र्यासाठी पुठ्ठ्यात सोळा इंचांची चौकट कापा आणि ती कापडावर फिरवत बसा. चांगली जागा दिसते तेव्हा लगेच कळतं. शर्टाचा खिसा खालच्या नक्षीशी जुळवून कापलात, तर कपडा एकदम वेगळ्याच दर्जाचा दिसतो, आणि त्याला कापड जास्त लागतं ते फक्त एक वीतभर.

पडद्यांचा हिशेब मात्र नीट करा. माझे पहिले पडदे चुकले ते इथेच. मी लांबीला दोनने गुणलं आणि तेवढंच कापड आणलं. दोन पट्ट्या शेजारी धरल्या तर वेल मध्येच तुटली होती. पुन्हा दुकानात गेले तोवर त्या ताग्याचं कापड संपलं होतं.

हिशेब असा. समजा तयार पडदा २१० सें.मी. आणि वरखाली दुमडायला २५, म्हणजे २३५. नक्षीची उंची ६४ सें.मी. असेल तर २३५ मध्ये ती साडेतीनहून थोडी जास्त वेळा बसते, तेव्हा पूर्ण ४ वेळा धरायची: २५६ सें.मी. दोन पट्ट्यांना ५१२. अर्धी सरकवलेली मांडणी असेल आणि शेजारची पट्टी अर्ध्याने सरकत असेल तर आणखी ३२. एकूण ५४४, म्हणजे साडेपाच मीटर आणा. नुसत्या मापाने ४७० निघालं असतं.

घरात दुसरं काय काय करता येईल? ट्रेवर कापड ताणून वर काच बसवा, दिव्याची शेड करा (फिकट जमीन घ्या, गडद जमिनीतून उजेड येत नाही), जुन्या खुर्चीची बैठक मढवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागद भिंतीवरून सुटतो, त्याला बुरशी येते. कापड काढून धुता येतं. मॉरिसच्या स्वतःच्या हॅमरस्मिथच्या घरातसुद्धा दिवाणखान्याच्या भिंतींवर कागदाऐवजी 'बर्ड' हे लोकरी विणीचं कापड टांगलेलं होतं, म्हणजे कापडाची बाजू तो राहत होता त्या हवेतही भक्कम होती.

शेवटी एक सवय लावून घ्या. प्रत्येक छपाईचा हातभर तुकडा जाड वहीत शिवून ठेवा. शेजारी रंगांचं प्रमाण, कापडाचं नाव, धुण्याआधीचं आणि नंतरचं माप, आणि ज्या दिवशी ते झाड काढलं ती तारीख लिहा. माझ्या वहीत गोकर्णीच्या पानावर एक वाळलेली शेंगही टाचलेली आहे. पुढच्या ठशात तीच घ्यायची आहे.